इंडक्शन की गॅसचा हॉब? आई-बाबांसाठी ओटा करतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून आई-बाबा आता कायमचे आमच्याकडे भायलीला राहायला येताहेत. त्या निमित्ताने स्वयंपाकघर नव्याने करून घेतोय. ग्रॅनाइटवाले हॉबच्या, म्हणजे ओट्याच्या दगडात बसवायच्या शेगडीच्या, खाचेची मापं मागताहेत आणि हॉब कोणता घ्यायचा हेच अजून ठरत नाही. दगड एकदा कापला की विषय संपला, म्हणून आधी इथे विचारते.

पाइपचा गॅस घरात आहे, त्यामुळे सिलिंडर संपण्याची काळजी नाही. खरी काळजी आईची आहे. ती पंचाहत्तरीची आहे, अजून दोन्ही वेळचा स्वयंपाक स्वतः करते, आणि तो तिच्या हातून काढून घ्यायचा माझा अजिबात विचार नाही. पण हल्ली ती विसरते. दूध तापत ठेवून पूजेला बसते. मध्यंतरी डाळीचं पातेलं कोरडं पडून जळलं. त्यानंतर एकदा दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून माझं ऑफिसात लक्ष लागत नाही.

म्हणून सरळ इंडक्शनच घ्यावं असं मनात आलं. ज्योतच नाही, तर विझणार काय! पण तीन गोष्टी आडव्या येताहेत. बाबांना पेसमेकर आहे, आणि पहाटेचा चहा तेच करतात. आईची निम्मी भांडी कल्हईची पितळी पातेली आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कढया आहेत. शिवाय आमच्याकडे रोज फुलके होतात, हिवाळ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं, आणि पापड विस्तवावरच भाजला जातो. हे सगळं बंद झालं तर आईला ते स्वयंपाकघर आपलं वाटेल का?

आणखी एक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहरात किती तरी भागांत वीज बंद होती, हे इथल्या बडोदेकरांना सांगायला नको. सगळं विजेवर टाकायचं धाडस होत नाही.

वयस्कर माणसं घरात असताना तुम्ही काय निवडलंत? वीजबिल किती वाढतं? पेसमेकरबद्दल कुणाला नीट माहिती आहे का? कृपया सविस्तर लिहा.

मांजलपूरकर

ताई, तुम्ही सांगितलेले दोन्ही प्रसंग वेगवेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे, हे आधी लक्षात घ्या.

ज्योत विझून गॅस सुटला, त्यावर गॅसच्या शेगडीतच उपाय मिळतो. बर्नरपाशी एक छोटी सळई असते, ती ज्योतीने तापलेली राहते. ज्योत विझली की ती थंड होते आणि काही सेकंदांत झडप आपोआप बंद होते. दुकानात याला 'फ्लेम फेल्युअर डिव्हाइस' म्हणतात. प्रत्येक बर्नरला ती आहे ना, हे विचारूनच घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांत नसते, आणि ऑटो इग्निशन म्हणजेच ती, असं काही दुकानदार बेधडक सांगतात. ऑटो इग्निशन फक्त पेटवतं, बंद करत नाही.

पण डाळ जळली तेव्हा ज्योत व्यवस्थित पेटलेली होती. तिथे ही सळई काहीही करणार नाही. तिथे टायमर लागतो. इंडक्शनमध्ये तो बहुतेक असतोच, शिवाय भांडं फार तापलं तर शेगडी स्वतःहून बंद होते, भांडं उचललं तरी बंद होते. विसराळूपणासाठी इंडक्शन खरोखर चांगलं.

गॅसगळतीचा अलार्मही लावा. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून तो वर छताजवळ बसवायचा. सिलिंडरचा गॅस जड असतो, त्याचा अलार्म खाली जमिनीजवळ. आमच्या सोसायटीत एकाने पाइपचा गॅस असून तो खाली ओट्याच्या कपाटात लावला होता.

रावपुऱ्याची लेक

मी गेली काही वर्षं दोन्ही वापरते. माझा साधा नियम सांगते. जे ठेवून आपण दुसऱ्या कामाला जातो ते इंडक्शनवर: दूध, कुकर, डाळ, बटाटे उकडणं, मोदकांची उकड. जे समोर उभं राहून करायचं ते गॅसवर: फुलके, फोडणी, भरिताचं वांगं, पापड. तुमच्या आईंचं विसरणं पहिल्या गटात आहे. फुलका तव्यावर असताना कुणी पूजेला जात नाही.

भांड्यांचं म्हणाल तर चुंबक घेऊन बसा. बुडाला घट्ट चिकटला तर भांडं चालेल. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज जाते आणि लोखंडाच्या बुडातच उष्णता तयार होते. म्हणून पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. सगळं स्टीलही चालत नाही, काही स्टीलला चुंबक चिकटतच नाही. बिडाचा तवा उत्तम चालतो, फक्त काचेवर घासत ओढू नका. खोलगट लोखंडी तवा मध्येच तापतो, कडा गार राहतात, पुरणपोळीला मला तो नाही आवडत. फोडणीची पळी तर ओळखलीच जात नाही, बुडाचा व्यास साधारण १२ सेंटिमीटर तरी लागतो.

पितळी पातेल्याखाली ठेवायची लोखंडी चकती मिळते, ती घेऊ नका. चकती भयंकर तापते आणि इंडक्शनचा फायदाच उरत नाही.

बासुंदी आटवताना एक अडचण येते. स्वस्त इंडक्शन मंद आचेवर सलग तापत नाही, चालू-बंद होत राहतं. मध्येच उसळी येते, मग एकदम शांत. सणाची बासुंदी मी गॅसवरच करते.

फुलक्याबद्दल: तव्यावर कापडाने दाबून फुगतो, पण विस्तवावर फुगलेल्या फुलक्याची चव त्याला नाही. यात मी तडजोड केलेली नाही, तुमच्या आईंनाही करायला लावू नका.

फेज-न्यूट्रल

बिलाबद्दल लिहितो. दर बदलत राहतात, म्हणून दर न धरता हिशोब सांगतो, तुम्ही तुमच्या बिलावरचे आकडे घाला.

पाइपच्या गॅसच्या एका घनमीटरमध्ये साधारण १० युनिट विजेइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली ६० टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते, बाकी बाजूने निसटते. इंडक्शनमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते. म्हणजे १ घनमीटर गॅसचं काम सुमारे ७ युनिट वीज करते. एका घनमीटरचा तुमचा दर आणि ७ युनिटचा दर शेजारी ठेवा, उत्तर समोर आहे. सिलिंडरवाल्यांसाठी: १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे शेगडी कशी आहे त्यानुसार साधारण १२५ ते १४५ युनिट. युनिटचा दर धरताना इंधन अधिभार आणि वीज शुल्क मिळवा, फक्त वरचा आकडा पाहू नका.

वायरिंगकडे दुर्लक्ष नको. एक साधं इंडक्शन २,००० वॅटचं, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते लावायचं नाही. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. गीझर, एसी आणि इंडक्शन एकदम चालले तर साडेपाच किलोवॅटपर्यंत जाईल, म्हणून आपल्या वीज कंपनीच्या, एमजीव्हीसीएलच्या बिलावर मंजूर भार किती आहे तो बघून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रावपुऱ्याच्या ताईंचा नियम वाचून डोक्यातला गुंता सुटला. आईला वाचून दाखवला, तर म्हणाली, "मग दूध तिकडे ठेवीन, फुलके मात्र इकडेच."

बाबांच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांचं म्हणणं, पेसमेकर आणि चालू इंडक्शन यांच्यात ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर ठेवायचं. त्यावर ओणवं व्हायचं नाही. भांडं वेटोळ्याच्या बरोबर मधोमध आणि पुरेसं मोठं हवं, नाहीतर चुंबकीय क्षेत्र बाजूने जास्त बाहेर येतं. बाबांनी लगेच सांगितलं, चहा गॅसवर करेन. म्हणजे गॅस ओट्याच्या एका टोकाला आणि इंडक्शन दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन फुटांहून जास्त जागा सोडायची, असं ठरतंय. दोन्ही एकाच काचेवर असलेला हायब्रिड हॉब मला आवडला होता, तो आता बाद.

एक शंका. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्यात, काळ्या काचेवरची टचची बटणं तिला दिसतील का?

रावपुऱ्याची लेक

टच घेऊच नका. ओल्या किंवा कणकेच्या बोटांना ते दाद देत नाही. दाबायची बटणं किंवा फिरवायची खुंटी असलेलं घ्या. चालू-बंदच्या बटणावर लाल टिकली, दुधाच्या बटणावर पांढरी. माझ्या सासूबाई चार दिवसांत शिकल्या. फक्त दुधाचं तयार बटण आधी तुम्ही स्वतः वापरून बघा, काही मॉडेलांत दूध तरीही उतू जातं. बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ चालतो, तोवर मेन स्विच बंद करायचा नाही, हेही शिकवा.

मांजलपूरकर

आणि ताई, दगड कापूच नका. इंडक्शन सुटं घ्या, ओट्यावर ठेवायचं. गॅससाठीही हॉबऐवजी ज्योतीच्या सळईची दोन बर्नरची शेगडी वर ठेवा. प्रत्येक कंपनीच्या हॉबच्या खाचेचं माप वेगळं, उद्या तो बिघडला तर त्याच मापाचा शोधत फिरावं लागतं. शेगडी उचलून खालचं पुसताही येतं. शेगडी पाइपच्या गॅसचीच हवी. सिलिंडरची असेल तर जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलावे लागतात. गॅसचा पॉइंट हलवायचा झाला तर गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच, ओटा करणाऱ्या प्लंबरला त्याला हात लावू देऊ नका.

धागाकर्ती

हे तर सुचलंच नव्हतं! ग्रॅनाइटवाल्यांना आत्ताच फोन करून सांगते, खाच नको. इलेक्ट्रिशियन उद्या येतोय. १६ अँपिअरचा पॉइंट नेमका कुठे काढू?

फेज-न्यूट्रल

सिंकपासून लांब, ओट्याच्या वर हाताला सहज येईल एवढ्या उंचीवर, इंडक्शनच्या बाजूला. बरोबर मागे नको, कुकरची वाफ थेट सॉकेटवर जाते आणि बंद करताना आईंना गरम भांड्यावरून हात न्यावा लागेल. इंडक्शनची हवा खालून आणि मागून खेळते, म्हणून भिंत आणि त्याच्यात चार-पाच इंच मोकळे सोडा, आणि खाली प्लास्टिकचा कागद अंथरू नका.