सायकलवरून उतरल्यावर पाय उचलतच नाहीत, सराव कसा करू?

पहिलीच स्प्रिंट ट्रायथलॉन आहे: ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. नुसते ५ किमी आरामात होतात. पण इथे सोलापुरात विजापूर रोडवर सायकल मारून लगेच पळालो की मांड्या दगड होतात.

उत्तर १
आठवड्यातून एकदा दोन्ही जोडून करा. सायकल ठेवली की बूट बदलून लगेच निघा. सुरुवातीला १० मिनिटंच पळा, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. सायकलच्या शेवटच्या २ किमीत गिअर हलका करून केडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) ९०च्या आसपास ठेवा. जड गिअर रेटत राहिलात तर पळायला मांड्यांत काही उरत नाही. हेच सगळ्यात महत्त्वाचं.

उत्तर २
वरचं बरोबर. शिवाय सायकलच्या वेगानंतर पळण्याचा वेग हळू वाटतो आणि माणूस सुसाट सुटतो. घड्याळ बघा. पहिला किमी नेहमीपेक्षा १५-२० सेकंद हळू, पावलं छोटी.

उत्तर ३
दादा, सोलापूरचं ऊन धरून चाला. सायकलवरच दर १५ मिनिटांनी मीठ-साखरेच्या पाण्याचे दोन-तीन घोट घ्या. उतरताना गटागट प्यायलात तर पोटात डचमळतं, बरगडीखाली चमक येते. बूट पटकन चढावेत म्हणून त्यांना इलॅस्टिकच्या लेस लावा.