'मानवी तस्करी' की 'माणसांचा अपव्यापार'?

पुण्यातल्या एका संस्थेसाठी युद्धनिर्वासितांच्या व्हिसानियमांवरची पुस्तिका मराठीत करते आहे. दोन ठिकाणी अडलेय. 'रेफ्युजी'ला निर्वासित लिहू की शरणार्थी? आणि 'ट्रॅफिकिंग'ला वर्तमानपत्रं सर्रास मानवी तस्करी म्हणतात. पण मजकुरात 'स्मगलिंग'ही वेगळं येतं. दोन्हींना तस्करीच लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार?

— निर्वासितच लिहा. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांना आमच्या घरी निर्वासितच म्हणत. 'शरणार्थी'त शरण म्हणजे आसरा हे खरं, पण आज मराठीत पोलिसांना शरण येतात ते आरोपी. युद्धातून जीव वाचवून आलेल्या बाईला तो शब्द नको.

— ताई, दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तस्करी म्हटलं की चोरून सीमा ओलांडणं डोळ्यासमोर येतं. पैसे घेऊन माणसाला बेकायदा पलीकडे पोचवणं, ही झाली तस्करी. ट्रॅफिकिंगला सीमा लागतच नाही. ट्रॅफिकिंगविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या कराराप्रमाणे (पालेर्मो प्रोटोकॉल) त्यात फसवून, धाकाने किंवा अगतिकतेचा फायदा घेऊन माणसाला आणणं, नेणं, ठेवून घेणं येतं, आणि हेतू शोषणाचा असतो. मूल असेल तर फसवणूक किंवा धाक होता हे सिद्ध करावं लागत नाही, शोषणाचा हेतू पुरतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये 'माणसांचा अपव्यापार' आहे, तोच घ्या. ट्रॅफिकिंग रोखणाऱ्या पोलीस कक्षांच्या नावातली 'अनैतिक मानवी वाहतूक' मला पटत नाही. गुन्हा वाहतुकीचा नाहीच, माणसाचा सौदा करण्याचा आहे.

हातात रीतसर व्हिसा असलेली बाईसुद्धा अपव्यापारात सापडू शकते, हे 'तस्करी'मुळे झाकलं जातं. युक्रेनचं बघा. युरोपीय संघाने ४ मार्च २०२२ रोजी तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ चा निर्देश पहिल्यांदाच लागू केला, त्यामुळे तिथून आलेल्यांना राहण्याचा आणि कामाचा हक्क थेट मिळाला. ब्रिटनने मात्र व्हिसा मागितला, आणि 'होम्स फॉर युक्रेन' योजनेत घर देणारा आधी शोधावा लागे. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला सांगावं लागलं की एकट्या बायकांची आणि मुलं घेऊन आलेल्या आयांची गाठ एकट्या पुरुषांशी घालू नका, कुटुंबाशी किंवा जोडप्याशी घाला. व्हिसा कायदेशीर, धोका घरात.

— पटलं. अपव्यापार घेते, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थही देते. पण तुम्ही 'घर देणारा' म्हणालात तिथे मी 'यजमान' लिहून ठेवलाय.

— तो लगेच काढा. मराठीत बाईचे यजमान म्हणजे नवरा. एकटी आलेली बाई 'तुमच्या यजमानांची माहिती भरा' वाचून काय लिहील? 'घर देणारी व्यक्ती' लिहा. लांब होतं, होऊ द्या.