फाउंड्री घेण्याआधी घरचं इंटरनेट तपासा

दादा, तुम्ही विचारलंय की रोल२० सोडून फाउंड्री घ्यावं का (दोन्ही म्हणजे नकाशा-सोंगट्यांचे भूमिका-खेळ घरबसल्या ऑनलाइन खेळायची सॉफ्टवेअरं), आणि पाचही खेळाडूंना ते विकत घ्यावं लागेल का. नाही लागणार. परवाना फक्त खेळ चालवणाऱ्याचा. बाकीचे ब्राउझरमध्ये लिंक उघडून येतात. पैसेही एकदाच भरायचे, दर महिन्याला नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. फाउंड्री आपल्याच संगणकावर चालतं, आणि बाहेरच्यांना आत घ्यायला राउटरवर ३०००० हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार, उघडावा लागतो. इथे इंदूरला मी तो उघडला, तरी बडोद्याची मावसबहीण काही आत येईना. दोन रविवार त्यातच गेले. शेवटी कळलं, आमचा इंटरनेटवाला अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देतो; मग आपण पोर्ट उघडून उपयोग काय? स्थिर आयपी, म्हणजे फक्त आपल्या घराचा न बदलणारा पत्ता, मागून घेतला तेव्हा जमलं. म्हणून राउटरमध्ये दिसणारा वॅन आयपी (राउटरला इंटरनेटवाल्याकडून मिळालेला पत्ता) आणि आयपी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा आयपी एकच आहे का, हे आधी बघा.

एवढं जमलं की फार मजा येते हो! मी आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे सातही मजले सात वेगळ्या नकाशांत मांडलेत. भिंती एकदा आखल्या की दाराआडचं कुणाला दिसत नाही. बंद दारावर राइट-क्लिक केलं की कुलूप. नकाशे मात्र वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्र-प्रकारात साठवा, नाहीतर मोबाइल डेटावरचा खेळाडू काळ्या पडद्याकडे बघत बसतो.

नुसता नकाशा आणि सोंगट्या हव्या असतील तर आउलबेअर रोडिओ हे ब्राउझरमध्ये चालणारं साधं साधन पुरे.