नवीन स्की बूट चावतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नवीन स्की बूट घालून चार दिवस झाले. अर्ध्या तासातच करंगळीच्या बाजूचं हाड ठणकायला लागतं, तळव्याला मुंग्या येतात. पाऊल २६.५ सेंटीमीटर, बूटही २६.५. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकतात, गुडघे वाकवले की मोकळी होतात, म्हणजे लांबी ठीक असावी. मोजे पातळच, एकच जोडी. पावलावरची बकलं सैल ठेवली तर मुंग्या थांबतात, हाड मात्र तसंच दुखतं. लायनर, म्हणजे बुटाच्या आतलं मऊ अस्तर, गरम करून पायाच्या आकाराचं करून झालंय. आता बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच तेवढ्या जागी तापवून फुगवून घ्यावं, की लायनर दबेपर्यंत थांबावं? कवच जास्त ताणलं जाईल या भीतीने हात धजावत नाही. कोणी करून घेतलंय का? की आधी तळव्याच्या कमानीला आधार देणारा इनसोल (बुटात घालायचा सुटा तळ) घालून बघू?