अकरा महिन्यांचा करार आणि नोटरी

घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचाच आहे, मग नोंदणी कशाला, नोटरी पुरे, असं काही जण म्हणतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, हा नोंदणी कायद्यातला नियम. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999चं कलम 55 मुदत बघतच नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. त्याहून मोठी गोम म्हणजे वाद झाला की अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. आपल्याच हाताने कुऱ्हाड!

खर्च तसा किरकोळ. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक 10 टक्के व्याज यांवर. महिना 20,000, डिपॉझिट 1 लाख, 11 महिने: 2,20,000 + 9,167 म्हणजे शुल्क 573च्या आसपास. शहरात नोंदणी फी 1,000.

भाडेकरूंनी एक बघा: शुल्क वाचवायला काही जण करारात डिपॉझिट कमी दाखवतात आणि उरलेलं रोख घेतात. वरच्या उदाहरणात अख्खं डिपॉझिट लपवलं तरी वाचतात जेमतेम वीस-पंचवीस रुपये, पण त्या रोखीचा पुरावा उरत नाही. पूर्ण रक्कम बँकेतून द्या, व्यवहार क्रमांक करारात घाला. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) आणि नोटिशीची मुदत वेगवेगळी लिहून घ्या. चावी घेताना वीज मीटरचं रीडिंगही.

मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24खाली ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते.