आईचे वर्षश्राद्ध अधिकात की निजात? तिकिटांचा निर्णय उद्यापर्यंत हवा आहे

(परदेशातल्या नाशिककरांच्या मंडळाच्या पत्रयादीवरून. सदस्य नाशिकमधल्या आपापल्या भागाच्या नावाने लिहितात.)

प्रेषक: गंगापूर रोड

सप्रेम नमस्कार.

विमानाच्या तिकिटांचा धरून ठेवलेला भाव उद्या रात्री संपतो, म्हणून थेट मुद्द्यावर येते. आईची तिथी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी आहे. यंदा, 2026 मध्ये, 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ही द्वादशी दोनदा येते, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जूनच्या शेवटच्या आठवड्यात. दादाच्या गुरुजींनी निज, म्हणजे अधिकानंतरचा नेहमीचा ज्येष्ठ सांगितला आहे, नाशिकरोडच्या मामांच्या गुरुजींनी अधिक सांगितला आहे, आणि दोघेही आपापल्या शब्दावर ठाम आहेत. मेच्या शेवटी इथल्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते. जूनमध्ये मुलांना शाळेतून काढले तर दंड भरावा लागतो, त्यामुळे जून ठरल्यास मी एकटीच जाणार हे उघड आहे.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. विधीच्या निमित्ताने सगळी मंडळी नाशिकला येणारच आहेत, तर दुसऱ्या दिवशी घरी एक जेवण करावे असे मला वाटते. आई दर अधिक महिन्यात आम्हां बहिणींना जावयांसह बोलावत असे, आणि 2023 च्या अधिक श्रावणातही गुडघे धरून स्वयंपाकघरात उभी राहून तिने धोंड्याचे जेवण केले होते. दादाचे म्हणणे असे, की वर्षाच्या आत घरात गोडधोड आणि पंगत शोभत नाही, लोक नावे ठेवतील. बाबांना विचारले तर ते ‘तुम्ही ठरवाल ते’ एवढेच म्हणतात. गेल्या वर्षभरात त्यांनी भाजी कोणती आणायची या प्रश्नालाही हेच उत्तर दिले आहे, आणि मला खरी काळजी त्याची आहे.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला आहे त्यांनी कृपया आज उत्तर द्यावे.

—

प्रेषक: पंचवटीकर काका

ताई, आपल्या आई गेल्याचे गेल्या वर्षी कळले तेव्हा आम्ही उभयता भेटून गेलोच होतो, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे चालत आले आहे ते असे. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे आणि सौर वर्ष 365 दिवसांचे, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना अधिक धरावा लागतो. गेल्या ज्येष्ठात गेलेल्या व्यक्तीचे बारा महिने यंदाच्या वैशाखाबरोबर पूर्ण होतात, आणि लगेच पुढचा महिना हा अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून पहिले वर्षश्राद्ध अधिकात करायचे आणि पुढच्या वर्षापासूनची श्राद्धे नेहमीप्रमाणे निज महिन्यात करायची. दादांच्या गुरुजींनी ‘अधिकात श्राद्ध करू नये’ हा नियम सांगितला असेल तर तो दरवर्षीच्या श्राद्धाचा आहे, पहिल्या वर्षाला तो लावत नाहीत. तरीही रामकुंडावर तुमच्या घराण्याचे जे तीर्थोपाध्ये असतील त्यांचा शब्द शेवटचा मानावा, कारण विधी त्यांच्या हातून व्हायचा आहे. मामांच्या किंवा माझ्या हातून नव्हे.

उपाध्यांकडे गेल्यावर नामावळीची वही मागून घ्या. गाव आणि आडनाव सांगितले की ते नेमके बाड काढतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी तीर्थावर आल्याची नोंद आणि सही स्वतःच्या हाताने केलेली असते, आणि आपणही आपली नोंद करून यायची असते.

—

प्रेषक: कार्यवाह

सर्व सदस्यांस विनंती, की गुरुजींची नावे आणि दूरध्वनी क्रमांक या यादीवर टाकू नयेत. पौरोहित्य समितीकडे अद्ययावत यादी असून ती मागितल्यास दिली जाते. तसेच ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, कौटुंबिक विषयांसाठी नाही, हे संक्रांतीच्या हॉलच्या प्रकारानंतर सर्वानुमते ठरले होते. प्रसंगाचे गांभीर्य लक्षात घेऊन हा विषय चालू ठेवण्यास हरकत नाही.

—

प्रेषक: सिडको

कार्यवाहसाहेब, सर्वानुमते ठरले नव्हते. त्या बैठकीला निम्मी मंडळी पार्किंग शोधत होती. पौरोहित्य समितीच्या यादीत दोनच गुरुजी आहेत, त्यांपैकी एक भारतात परतले आणि दुसरे फक्त सत्यनारायण सांगतात. ताईंना नाशिकमधल्या विधीविषयी विचारायचे आहे, त्यात समितीचा संबंध कुठे येतो, हे मला समजले नाही.

—

प्रेषक: रविवार कारंजा

ताई, तिथीचे काकांनी सांगितले आहे, त्यात मी पडत नाही. मी फक्त जेवणाविषयी लिहिते, कारण माझे वडील गेले त्या वर्षी आमच्या घरी हाच वाद झाला होता आणि ज्यांनी ‘नको’ म्हटले त्यांच्या बाजूने निकाल लागला होता.

दिवाळी केली नाही, गौरी-गणपती काकांकडे पाठवले, चैत्रातले हळदीकुंकू टळले. त्या त्या वेळी प्रत्येक गोष्ट रीतसरच वाटली. पण भावंडे एकमेकांना भेटली ती बँकेत, तलाठी कार्यालयात आणि वारसनोंदीच्या कागदांवर सह्या करताना. वडिलांविषयी जे काही बोललो ते त्यांच्या खात्यांविषयी आणि घराच्या उताऱ्याविषयी बोललो. आई त्या सबंध वर्षात पाहुणी असल्यासारखी आपल्याच घरात एका कडेला बसून राहिली, कारण तिला कोणी काही करू देत नव्हते. तिला विश्रांती मिळावी एवढाच सर्वांचा हेतू होता.

वर्षश्राद्धाला आम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेलो तेव्हा उपाध्यांनी लाल कापडात गुंडाळलेली लांबट वही काढली. वडिलांनी आजोबांच्या वेळी केलेली नोंद त्यात होती. जांभळट पडलेली शाई, ‘सहकुटुंब’ हा शब्द, खाली आम्हां भावंडांची नावे वयाच्या क्रमाने, आणि धाकट्या भावाचे नाव विसरले म्हणून ते समासात उभे घुसडलेले. भाऊ म्हणाला, ‘म्हणजे मी तेव्हापासूनच नंतर आठवतो,’ आणि आई हसली. मग तिने वही स्वतःकडे ओढून घेतली आणि नवी नोंद आपल्या हाताने केली, नातवंडांच्या नावांसकट, कोणाला लिहू दिली नाही. त्या दिवशी घरी येऊन खीर-वडे झाले, वीस-पंचवीस माणसे जेवली, आणि वडील कोणावर कसे रागवत याच्या नकला संध्याकाळपर्यंत चालल्या. नकला करणाऱ्यांत आईही होती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वर्षश्राद्ध झाले की वर्षाचे बंधन संपते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला दादांचा आक्षेप लागूच पडत नाही. लोक नावे ठेवतील तर ती जेवून ठेवतील. बाबांना मात्र पाटावर बसवून पाहुण्यासारखे वाढू नका, त्यांच्यावर एखादे खरे काम सोपवा. त्यांनी केले नाही तर अडेल असे काम हवे. मन रमावे म्हणून दिलेले काम म्हाताऱ्या माणसांना लगेच ओळखू येते.

—

प्रेषक: देवळाली कॅम्प

धोंड्याचे जेवण करणार असाल तर अनारशांचे काय ठरवले आहे? जावयाला 33 अनारसे द्यायचे असतील तर पीठ आधी तयार हवे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग सावलीत सुकवून दमट असतानाच दळायचे आणि गुळात मळून मुरू द्यायचे. तुम्ही विमानातून उतरून हे करू शकणार नाही. बाजारात तयार पीठ मिळते, पण त्यात पुष्कळदा साखर असते आणि अनारसा तुपात सोडताच फसफसून विरघळतो. शिवाय मे महिन्याच्या उन्हात पीठ फार आंबते, तेव्हा फ्रिजमध्ये ठेवावे.

—

प्रेषक: रविवार कारंजा

साखरेचेही उत्तम होतात. आमच्याकडे साखरेचेच करतात आणि जाळी पडते. तूप फार तापलेले असले की कोणताही अनारसा फसफसतो, त्याचा दोष साखरेला देऊ नये.

—

प्रेषक: इंदिरानगर

मी वेगळे मत मांडतो, राग मानू नये. माझ्या वडिलांचे वर्षश्राद्ध मला रजा मिळाली नाही म्हणून मी इथेच हिरण्यश्राद्ध करून केले, म्हणजे स्वयंपाक न करता दक्षिणा देऊन. संध्याकाळी नाशिकच्या सगळ्यांशी व्हिडिओवर बोललो. श्रद्धेत काही उणे पडले असे मला वाटत नाही. एवढा खर्च, मेचे ऊन, मुलांची ओढाताण, हे सगळे करण्यापेक्षा बाबांनाच इथे सहा महिने आणावे. इथे आपले ज्येष्ठ नागरिक मंडळ दर बुधवारी भरते.

—

प्रेषक: सिडको

दर बुधवारी भरत नाही. हॉलचे भाडे वाढल्यापासून महिन्यातून एकदा भरते, आणि तेही कार्यवाहांना किल्ली सापडली तर.

—

प्रेषक: पंचवटीकर काका

इंदिरानगरकरांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. अडचण असेल तर हिरण्यश्राद्ध किंवा शिधा देऊन आमान्न श्राद्ध चालते. मात्र ताईंची अडचण वेगळी आहे. त्यांना विधी उरकायचा नाही, वडिलांना घराबाहेर काढून माणसांत बसवायचे आहे, आणि ते काम व्हिडिओवर होत नाही. वर्षभर घरात बसलेल्या माणसाला सहा महिन्यांसाठी परक्या देशात आणून दिवसभर बंद घरात बसवणे हा उपाय मला पटत नाही. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही तो करून पाहिला आहे.

अधिक ठरल्यास आणखी काही सूचना. मेमध्ये रामकुंडाच्या फरशा दहा वाजेपर्यंत इतक्या तापतात की अनवाणी उभे राहवत नाही. त्यातून अधिक महिना म्हणजे स्नानाला येणाऱ्यांची गर्दी. सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला असल्याने गंगाघाटाच्या परिसरात कामेही चालू असणार, आणि गाडी अगदी कुंडापर्यंत जाईल असे धरून चालू नये. बाबांचे गुडघे लक्षात घेऊन रिक्षा सांगून ठेवा, घडीची खुर्ची बरोबर ठेवा आणि पाण्याच्या कडेच्या ओल्या पायऱ्यांवर त्यांना एकटे सोडू नका. जूनअखेरीला ऊन नसेल, पण पाऊस लागला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडले तर घाटावरचे सगळे हलवावे लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुरात घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली होती, तेव्हा काय परिस्थिती होती ते इथल्या बऱ्याच जणांनी फोनवरून ऐकले आहे. जूनमध्ये तेवढे पाणी सहसा नसते, तरी तुमच्या बाबांच्या वयाला चिखलही पुरेसा आहे.

—

प्रेषक: इंदिरानगर

काका, मी विधी ‘उरकला’ असे कुठेही लिहिलेले नाही. बाकी आपले म्हणणे मान्य आहे.

—

प्रेषक: गंगापूर रोड

सर्वांचे मनापासून आभार. रात्री घरी फोन केला तेव्हा दादाने उपाध्यांना विचारून ठेवले होते. त्यांनी अधिकच सांगितला, त्यामुळे मेची तिकिटे काढली.

जेवणाविषयी मी रविवार कारंजाच्या ताईंचे पत्र दादाला जसेच्या तसे वाचून दाखवले. फोन स्पीकरवर आहे आणि बाबा शेजारी बसले आहेत हे मला माहीत नव्हते. त्यावर तिकडे जे सुरू झाले ते सविस्तर लिहिण्यासारखे नाही, पण थोडक्यात सांगते. दादाने हॉल घेऊन आचारी सांगण्याचा पर्याय काढला, तेव्हा बाबांनी आवाज चढवून सांगितले की हॉल नको, आपल्या गच्चीवर मांडव घालायचा आणि पुरण घरातच शिजेल. मग पाहुण्यांची यादी वाचायला लावली, त्यातून आईच्या एका चुलतभावाचे नाव काढायला लावले, आणि दहा मिनिटांनी ‘राहू दे, तिला आवडले नसते’ म्हणून पुन्हा घालायला लावले. नागपूरच्या आत्यांनी रात्रीच्या बसने न येता समृद्धी महामार्गाने दिवसा यावे, हेही त्यांनीच परस्पर ठरवले. दादा माझ्यावर चिडला आहे, कारण आता मांडववाल्याकडे त्याला बाबांना बरोबर घेऊन जावे लागणार आहे आणि बाबा प्रत्येक गोष्टीत घासाघीस करणार आहेत. वर्षभर ज्या माणसाने कशालाही नाही म्हटले नव्हते, त्याने एका फोनमध्ये चार वेळा नाही म्हटले. मला त्यानंतर झोप लागली नाही, पण ती काळजीने नव्हे.

अनारशांचे पीठ नाशिकरोडची मामी करणार आहे. ते गुळाचे असेल, साखरेचे असेल, मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही.

एक विनंती उरली आहे. बाबांचे आमच्याकडे राहिलेले श्रवणयंत्र आणि त्याच्या बॅटऱ्या आमच्याआधी नाशिकला पोहोचल्या तर बरे होईल, कारण मांडववाल्याशी बोलताना त्यांना ते हवे आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोणी जात असल्यास कृपया कळवावे.

—

प्रेषक: सिडको

मी 9 मेच्या रात्री निघतो आहे. डबी शुक्रवारी घरी आणून द्या. गंगापूर रोडला माझी बहीण राहते, ती तिथून हातोहात पोहोचवील. कार्यवाहांची हरकत नसेल असे धरून इथेच लिहिले आहे.

—

प्रेषक: पंचवटीकर काका

बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. आणि ताई, उपाध्यांना सकाळी सातची वेळ सांगा. आठ सांगितली तर नऊ वाजतात आणि तुमच्या बाबांना उन्हात बसावे लागेल.