गेम मेनूपर्यंत जातो आणि पीसी रीस्टार्ट होतो

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. कराडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पीसी आम्ही बापलेकीने मिळून जोडलाय, म्हणून दुकानात न्यायच्या आधी इथे विचारतो.

मुलीची बारावी झाली. तिने वर्षभर पैसे साठवून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं. बाकी ६ कोरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आणि जुन्या मशीनमधला ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय). एक मोठा गेम टाकला. सुरू केला की कंपन्यांची नावं येतात, शेडर कंपाइलची (चित्र काढायचे छोटे प्रोग्राम तयार करायची) पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत नीट जाते, मेनू दिसतो, आणि दोन-तीन सेकंदांत खट्ट! पीसी रीस्टार्ट. निळा स्क्रीन नाही, मेसेज नाही. इंटरनेट, व्हिडिओ, जुने छोटे गेम दिवसभर चालतात.

करून बघितलेलं: सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर साफ करायच्या टूलने कार्डाचा ड्रायव्हर पूर्ण काढून नवीन टाकला. गेमच्या फाइल तपासून घेतल्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकेक करून लावल्या, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद केलं, रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली, एकही एरर नाही. कार्डाचं तापमान बंद पडायच्या क्षणी ६० च्या आसपास. मल्टिमीटर लावला, पिवळ्या वायरवर १२.१ व्होल्ट मिळतात. म्हणजे सप्लाय ठीक आहे असं मी धरलंय. पोरगी चार दिवस काही बोलत नाहीये, पण रोज संध्याकाळी येऊन बघून जाते. कुठे चुकतोय?

रात्रपाळी

यूपीएस कितीचा आहे? ६०० व्हीएचा असेल तर त्यावर बहुतेक ३६० वॅटच मिळतात. मॉनिटर त्याच यूपीएसवर असेल तर पीसी जातो तेव्हा मॉनिटरचा दिवा बघा. तोही विझला तर यूपीएस. तो चालू राहून 'नो सिग्नल' आलं तर बिघाड कॅबिनेटच्या आत.

कोयनाकाठ

६०० व्हीएचाच आहे. मॉनिटर त्यावरच, आणि दिवा चालू राहतो. पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावूनही बघितला, तसंच होतं.

तांबडीवायर

काका, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसेल. त्याचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. कारण त्यात नसतं. पण आत बगचेककोड, म्हणजे क्रॅशचा कोड, बघा. तो ० असेल आणि विंडोज जिथे क्रॅशच्या फाइल ठेवतं ते मिनीडंप फोल्डर रिकामं असेल, तर विंडोजला क्रॅश लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही. अशा वेळी मी आधी वीज बघतो, ड्रायव्हर नंतर.

आता तुमचीच लक्षणं बघा. शेडर कंपाइल होताना राबतो तो प्रोसेसर, कार्ड जवळपास रिकामं असतं. तो टप्पा तुम्ही पार करता. मेनू आला की कार्ड कामाला लागतं, आणि पुष्कळ गेममध्ये मेनूला फ्रेमची मर्यादा नसते. साधं चित्र सेकंदाला शेकडो वेळा काढलं जातं. कार्डाचा करंट त्या क्षणी उसळतो. ही उसळी सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहून छोटी. तुमचा मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्याला ती दिसणारच नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली घसरली की एसएमपीएसचा 'पॉवर गुड' (वीज ठीक आहे असं मदरबोर्डला सांगणारा) सिग्नल जाऊ शकतो आणि मदरबोर्ड रीसेट होतो.

एक सांगा, कार्डाला ८ पिनची दोन सॉकेट आहेत का? आणि दोन्हींना एकाच केबलची दोन तोंडं लावलीत का? एका सॉकेटला १५० वॅट धरलेले असतात. एका केबलवर दुप्पट भार टाकू नका, दोन वेगळ्या केबल ओढा. पण दुसऱ्या एसएमपीएसची केबल उसनी घेऊ नका. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिना मात्र वेगळ्या असू शकतात. त्यात माझ्यासमोर एक हार्ड डिस्क जळाली आहे.

नंतर ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये फ्रेम ६० वर बांधा आणि आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) ७० टक्के करा. त्यावर गेम टिकला तर एसएमपीएसच बदला.

कोयनाकाठ

बगचेककोड ०. फोल्डर रिकामं. आणि हो, एकच केबल, दोन तोंडं.

तुमचं वाचून मला माझं दुकानच आठवलं. थ्री फेज मोटार थेट सुरू केली की पहिल्या क्षणी पाच-सहा पट करंट ओढते. एमसीबी पडला तर गिऱ्हाईक म्हणतं मोटार खराब, आणि मीच त्यांना स्टार्टिंग करंट समजावतो. इथे मात्र स्थिर व्होल्टेज बघून मी सप्लायला मोकळं सोडलं.

काल रात्री दुसरी केबल ओढली. मेनू टिकला! पण खेळ सुरू होऊन वीस मिनिटांनी, पावसाचा प्रसंग आला तेव्हा, पुन्हा रीस्टार्ट. मग फ्रेम ६० आणि लिमिट ७० केलं. साडेआठला बसली ती अकरापर्यंत, एकदाही बंद नाही. आज लिमिट मुद्दाम १०० वर नेलं, दहा मिनिटांत गेला. परत ७० वर, परत ठीक. एसएमपीएसवरच्या लेबलची तारीख २०१४ ची निघाली.

तांबडीवायर

मग शंका उरली नाही. नावाजलेल्या कंपनीचा ७५० वॅटचा घ्या, एटीएक्स ३.० (पीसीच्या सप्लायचं मानक) किंवा त्यापुढचा मिळाला तर उत्तम. त्या मानकात अशा उसळ्या सोसण्याची अट आहे. जुना उघडून कपॅसिटर बदलायचा मोह तुम्हाला नक्की होईल. प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो, तेवढं सांभाळा.

रात्रपाळी

आणि गेम चालू असताना लाइट गेली तर तो ६०० चा यूपीएस ते ओझं पेलणार नाही.

कोयनाकाठ

यूपीएसचं दिवाळीला बघू. एसएमपीएस शनिवारी आणतोय, जुन्याच्या सगळ्या केबल त्याच्याबरोबरच बांधून ठेवल्यात. तोपर्यंत ७० टक्क्यांवर चालू आहे. आत्ता ती खेळतेय आणि मला हाक मारतेय, तिथला पाऊस बघायला.